न वाचता केलेली सही

बोरखडी तांडा, ता. आर्णी
१८ मार्च २०२५

प्रिय कुंदाकाकू,

नमस्कार. शिक्षण संपवून मी तुमचं घर सोडलं तेव्हा तुम्ही अट घातली होती की महिन्याला एक पत्र आलंच पाहिजे. मागचा महिना चुकला. अंगणवाडीत मुलांची वजनं आणि उंच्या घ्यायचं काम होतं, मग होळी आली. फोन करणार होते, पण तुम्हाला माहीत आहे, आमच्या तांड्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, टेकडीवर. तिथे माझ्याआधी चार जण कानाला फोन लावून उभे असतात. त्यांच्यासमोर तुमच्याशी बोलणं म्हणजे सगळ्या तांड्याशी बोलणं.

यंदाची होळी तुम्ही पाहायला हवी होती. आमच्याकडे बाया लेंगी म्हणतात आणि त्या गाण्यात कोणालाही काहीही बोलायची मुभा असते. तांड्याच्या नायकाला बोला, सासऱ्याला बोला, गावातून आलेल्या पाहुण्याला बोला. ज्याला बोललं त्याने हसायचं, रागवायचं नाही. मी यंदा पाण्यावर दोन कडवी रचली. पहिल्यात म्हटलं की टाकी आमच्या टेकडीवर आणि पाणी मात्र खाली गावात. गावाला नळ रोज, तांड्याला सहाव्या दिवशी. दुसऱ्यात धनसिंगकाकाला धरलं. तो पंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. चालताना झोक जातो, हाताला थारा नाही, सगळे म्हणतात पितो. मी गायलं की धनसिंग झिंगत येतो, सरपंचाच्या वाडीत पाणी सोडतो आणि आमच्या कोरड्या नळाखाली झोपतो. बाया हसून हसून खाली बसल्या. धनसिंगकाकाही हसला.

मग मला वाटलं, जे गाण्यात चालतं ते लिहून का चालू नये. परवा टेकडीवर जाऊन पंचायतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळं साध्या मराठीत लिहिलं. पाणी कोणत्या तारखांना आलं, कोणत्या तारखांना नाही आलं, रांगेतल्या हंड्यांचा फोटो, आणि शेवटी धनसिंगकाकाचं. दोनशे लोक आहेत त्या ग्रुपवर. कोणी हसलं नाही. कोणी काही लिहिलंही नाही. फक्त सरपंचांनी खाली वळलेला अंगठा टाकला.

तुम्ही असता तर म्हणाला असता, शुद्धलेखन बरं आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? स्वानंददादांना नमस्कार.

तुमची,
अंजू


यवतमाळ
२३ मार्च २०२५

लाडके अंजू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा खबरबात म्हणून आणि एकदा हातात लाल पेन घेऊन. ती खोड जात नाही. ‘उंच्या’ हा शब्द चुकीचा आहे, पण मला आवडला, म्हणून ठेवला.

पाण्याबद्दल लिहिलंस ते चांगलं लिहिलं असशील. तारखा दिल्यास, फोटो दिलास. चौतीस वर्षं मी लघुलेखिका होते, म्हणजे दुसऱ्यांनी बोललेलं टिपून घेणारी. साहेब बोलायचे, बैठकीतले बोलायचे, मी लिहायचे. त्यातून एवढं कळलं की पाहिलेलं सांगताना माणसाचं वाक्य छोटं असतं, आणि ऐकीव सांगताना त्यात ‘सगळे म्हणतात’ येतं. तुझ्या पत्रातली पाण्याची वाक्यं छोटी आहेत. धनसिंगच्या वाक्यात ‘सगळे म्हणतात’ आहे. त्याला पिताना तू स्वतः पाहिलंस का? मला कळव.

आणि आता काही दिवस शांत राहा. हे तुला आवडणार नाही. पण तू अंगणवाडी सेविका आहेस, मानधनावरची असलीस तरी. बोलायची मोकळीक सगळ्यांना सारखीच आहे, बोलल्यानंतर जे होतं ते सारखं नसतं. होळीत तुम्हाला हसणारे लोक तुमचेच असतात. ग्रुपवरचे दोनशे तसे नाहीत.

गुडघे आहेत तसेच आहेत. तुझ्या खोलीत मी आता मिरच्या वाळवते. तू आलीस की उचलते.

तुझी,
कुंदाकाकू


बोरखडी तांडा
२ एप्रिल २०२५

प्रिय काकू,

तुमचं खरं झालं. सरपंचांनी ठाण्यात अर्ज दिला, की मी पंचायतीची बदनामी केली आणि गाव आणि तांडा यांच्यात तेढ लावली. सोमवारी मला बोलावलं. बा बरोबर आला होता, पण बाहेरच उभा राहिला. ठाणेदार साहेब वाईट बोलले नाहीत, खुर्ची दिली. म्हणाले, “पोरी, लिहायचं तर देवाधर्माचं लिही. पंचायतीचं कायले लिहिते?”

मी म्हटलं, “साहेब, पाणी मले पंचायत देते, म्हणून.”

ते थोडे हसले, आणि तपासासाठी म्हणून माझा फोन ठेवून घेतला. त्याच संध्याकाळी आमच्या अंगणवाडीच्या ऑफिसची कारणे दाखवा नोटीस आली. सेवेत असताना पंचायतीविरुद्ध जाहीर मजकूर लिहिल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, पंधरा दिवसांत खुलासा करा.

सरपंच स्वतः घरी आले होते. चहा घेतला. म्हणाले, “एक माफीनामा लिहून दे अंजू. मी अर्ज मागं घेतो, नोटीसचंही पाहतो. आपल्याले काय भांडत बसाचं हाय?” ते गेल्यावर याडी म्हणाली, “लिहून दे न् मोकळी होय.” बा काहीच बोलला नाही. बा बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

पण काकू, मी का लिहून देऊ? तुमच्याच घरी बसून मी नागरिकशास्त्राचा पेपर पाठ केला. बोलण्याचं स्वातंत्र्य, त्यावरचे वाजवी निर्बंध, सगळं. तुम्ही प्रश्न विचारायच्या, मी पोळ्या लाटत उत्तरं द्यायची. तेव्हा निर्बंधांमध्ये सरपंच नव्हते.

धनसिंगकाकाचं म्हणाल तर तांड्यातल्या कोणालाही विचारा.

खुलासा कसा लिहू तेवढं सांगा.

अंजू


यवतमाळ
७ एप्रिल २०२५

लाडके अंजू,

खुलासा तू लिहू नकोस. मी स्वानंदशी बोलले आहे. माझा भाचा असला तरी तो वकील आहे, त्याला यातलं कळतं, आणि तुझ्यावर त्याचा जीव आहे. येत्या रविवारी तो आर्णीला एका कामासाठी येतोय, तिथून तुझ्याकडे येईल. तो देईल त्या कागदांवर सह्या कर. प्रश्न विचारत बसू नकोस, त्याला परत यायची घाई असेल.

तोवर कोणाशी वाद घालू नकोस. जेवत जा. तुझ्या याडीला माझा नमस्कार सांग. आईच्या काळजीपुढे आपण दोघी काहीच नाही. सोबत लिंबाचं लोणचं पाठवते आहे, तुला आवडतं तसं, गूळ घातलेलं.

सगळं नीट होईल.

कुंदाकाकू


बोरखडी तांडा
२१ एप्रिल २०२५

कुंदाकाकू,

सगळं नीट झालं. सरपंचांनी अर्ज मागे घेतला. ऑफिसने नोटीस रद्द केली. फोन परत मिळाला.

स्वानंददादा आले तेव्हा मी चार कागदांवर सह्या केल्या, गाडीच्या बॉनेटवर ठेवून. त्यांनी विचारलं, “वाचायचं आहे का?” मी म्हटलं, काकूंनी पाठवलंय ना, मग काय वाचायचं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या आत्ता लक्षात येतंय.

गुरुवारी पंचायतीत माझा माफीनामा वाचून दाखवला. नंतर तो फलकावर लावला आणि ग्रुपवरही टाकला. मी तो तिथे पहिल्यांदा वाचला. ‘सदर मजकूर मी गैरसमजातून व अनवधानाने लिहिला असून तो सर्वस्वी असत्य आहे. तांड्यास नियमित पाणीपुरवठा होत आहे. सबब मी विनाअट माफी मागते.’

सबब हा शब्द आमच्या तालुक्यात कोण वापरतं, काकू? तीन वर्षं तुमच्या हाताखाली शिकले मी. तुमचं वाक्य मी कुठेही ओळखेन.

तुम्ही माझ्या नावाने नुसती माफी मागितली नाही. पाणी येतं असं लिहिलं. शुक्रवारी नळावर रामीबाई मला म्हणाली, “तुयाच सहीनं पाणी रोज येऊन राह्यलं, मंग आमी हे हंडे कायले मांडले?” तिच्याबरोबर सोळा बाया होत्या. कोणी भांडलं नाही. त्यांनी फक्त मला पुढे जागा करून दिली, पाहुण्याला देतात तशी.

सरपंच मला गप्प करायला पाहणार हे मला ठाऊक होतं. त्यांच्याशी मी भांडले असते. तुमच्याशी कशी भांडू? तुम्ही मला गप्प केलंच नाही. तुम्ही माझ्या तोंडानं बोललात.

लोणचं परत पाठवणार होते. याडीने पाठवू दिलं नाही. बरणी तशीच आहे.

आता काही दिवस लिहिणार नाही.

अंजू


यवतमाळ
२५ एप्रिल २०२५

अंजू,

तो माफीनामा मी टाइप केला. स्वानंद नको म्हणत होता. मी त्याला म्हटलं, ती विचारेल तर दाखव, नाही विचारलं तर तू होऊन दाखवू नकोस. तू विचारणार नाहीस हे मला माहीत होतं. तुझ्या विश्वासाचा मी हिशेबाने उपयोग केला. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

आता एक सांगते, ते स्वानंदलाही माहीत नाही. यातून माझी चूक लहान होत नाही. तू विचारलं नाहीस तरी मला हे कोणाला तरी सांगायचंच होतं.

कमलाकरकाकांना तू फोटोतच पाहिलं आहेस. लग्न झालं तेव्हापासून आम्ही एकाच खात्यात होतो, ते कारकून, मी लघुलेखिका. एका वर्षी दुष्काळी कामांच्या यादीत दोन गावं अशी निघाली की तिथे काम झालंच नव्हतं. ते स्वतः जाऊन पाहून आले. वरिष्ठांना सांगितलं, काही झालं नाही. मग वर्तमानपत्राला स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं. महिन्याच्या आत जिल्ह्याबाहेर बदली झाली, इतक्या लांब की शनिवारी निघालं तर रविवारी दुपारी घरी पोचायचे आणि लगेच परत फिरायचे.

त्यांनी दाद मागायचा अर्ज हाताने लिहिला आणि टाइप करायला माझ्याकडे दिला. मी तो टाइप केला नाही. दुसरा केला. दिलगिरीचा. पत्रातली माहिती अपुऱ्या चौकशीवर आधारलेली होती, असा. तो त्यांच्यासमोर ठेवला आणि रडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि न वाचता सही केली.

बदली रद्द झाली. ते घरी आले. त्यानंतर एकवीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि सुखाने राहिलो, असं कोणीही म्हणेल. ते भाजीचं बोलायचे, पाहुण्यांचं बोलायचे, स्वानंदच्या लग्नात तर खूपच बोलले. ऑफिसातलं एक अक्षर बोलले नाहीत. मी काही विचारलं की म्हणायचे, “तुला हवं ते लिही, मी सही करतो.” हसून म्हणायचे. त्यात राग असता तर मी भांडले असते.

मला वाटायचं, मी त्यांना वाचवलं. तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं की त्या सहीनंतर त्यांनाही ऑफिसात कोणीतरी अशीच पुढे जागा करून दिली असेल.

सोबत एक कागद आहे. त्यात लिहिलंय की माफीनामा मी तयार केला, तुला वाचायला दिला नाही, तुझी सही मी फसवून घेतली. खाली माझं नाव, पत्ता, सही. स्वानंदला दाखवला. तो म्हणाला, “मावशी, यात माझी सनद अडचणीत येऊ शकते.” थोड्या वेळाने म्हणाला, “तरी पाठव.” या कागदाचं काय करायचं ते तू ठरव. सभेत वाच, फलकावर लाव, फाडून टाक.

धनसिंगबद्दलचं तुझं वाक्य मात्र मला अजूनही खटकतं. पण ते ठेवायचं की काढायचं हे तू बघायचं आहेस, मी नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

कुंदाकाकू


बोरखडी तांडा
५ मे २०२५

प्रिय कुंदाकाकू,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी अंगणवाडीतली मुलं घरी गेल्यावर, तिथेच चटईवर बसून वाचलं. मग कुलूप लावलं आणि सरळ धनसिंगकाकाच्या घरी गेले. तुम्ही मार्चमध्ये विचारलं होतं, पिताना पाहिलंस का. मी नव्हतं पाहिलं. म्हणूनच उत्तर दिलं नव्हतं.

त्यांची बायको, हंसाकाकी, दारातच होती. म्हणाली, “आता काय गाणं म्हणायले आली?”

मी म्हटलं, “नाही काकी. ऐकायले आली.”

तिने आत येऊ दिलं. काका बाजेवर बसले होते. दुपारचे दोन वाजले होते. दोन्ही हातांनी कप धरला होता, तरी चहा बशीत सांडत होता. हंसाकाकीने कप हातातून घेतला आणि त्यांच्या तोंडाला लावला. घरात दारूचा वास नव्हता, काकू.

“पाह्य बाई, हे असं हाय,” काका म्हणाले. “दोन वर्स झाले. यवतमाळच्या डॉक्टरनं कंपवात सांगतला. पाय उचलत नाही, हात थांबत नाही.”

“मंग लोक पिते म्हणतात, तुमी काहून काही बोलत नाही?”

“म्हणू दे. पिणाऱ्याले ठेवते पंचायत. बिमाराले ठेवत नाही.”

मग त्यांनी पाण्याचं सांगितलं. टाकीच्या व्हॉलची चावी दिवाळीपासून त्यांच्याकडे नाहीच. ती सरपंचाच्या माणसाजवळ असते. तो बोलावतो, हे जातात, तो खोलतो, हे बाजूला उभे राहतात. हंसाकाकी म्हणाली, “होळीत हासले ते. होळी होती म्हणून हासले. मंग ते मोबाईलवर आलं, तर दोन दिवस घराभाईर गेले नाही.”

मी त्यांच्या पाया पडले. माफी मागितली. मग म्हटलं, “काका, एक तारखेला ग्रामसभा हाय. मी सगळ्यांसमोर सांगणार. काय सांगू आणि काय नाही, हे तुमी सांगा.”

“मी पीत नाही एवढं सांग. हाताचं राहू दे.”

त्यांचं खरं मला माहीत होतं आणि ते सांगायचा हक्क मला नव्हता. हे मला नवीन होतं, काकू. मला वाटायचं, खरं असलं की कोणीही बोलावं.

एक मेला झेंडावंदन झाल्यावर पंचायतीसमोरच्या शेडमध्ये सभा भरली. तांड्यातून रामीबाई आणि आठ-दहा बाया आल्या होत्या, पण माझ्यापासून लांब बसल्या. सगळे विषय झाल्यावर मी उभी राहिले. लिहून नेलं होतं, पण हात इतका घामेजला होता की अक्षरं पुसली गेली. मग आलं तसं बोलले.

“मी अंजू. मार्च महिन्यात मी ग्रुपवर लिहिलं होतं. त्यातलं एक खोटं होतं. धनसिंगकाका पिते असं मी लिहिलं. मी पाह्यलं नव्हतं. लोक हासले म्हणून लिहिलं. काका पीत नाही. काका, काकी, मले माफ करा.”

सरपंच हसून म्हणाले, “बरं झालं बाई. बस आता.”

“अजून बाकी हाय,” मी म्हटलं. “पाण्याचं खोटं नव्हतं. तांड्यात सहाव्या दिवशी पाणी येत होतं, आता सातव्या दिवशी येऊन राह्यलं. फलकावर माही सही हाय, त्यात लिहिलं हाय का पाणी बराबर येते. ते खरं नाही.”

“सही तुही हाय का नाही?”

“माहीच हाय. मी न वाचता केली. ती चूक माही. पण न वाचता सही केली म्हणून नळाले पाणी येत नाही.”

मागे कोणीतरी हसलं. रामीबाई होती.

तुमचा कागद माझ्या पिशवीत होता. काढला नाही. स्वानंददादांचा विचार होताच. पण खरं सांगायचं तर, तो काढला असता तर लोक म्हणाले असते की हिला यवतमाळची बाई बोलायला लावते.

सरपंच म्हणाले, पाणी सोडायचं काम धनसिंगचं आहे, पंचायतीला कायले बोलता. तेव्हा धनसिंगकाका उठले. हंसाकाकीने त्यांचा दंड धरला होता. ते सभेत कधी बोलत नाहीत. म्हणाले, “चावी दिवाळीपासून माह्याजवळ नाही. कोणाजवळ हाय ते तुमाले मालूम हाय.” मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, सगळ्यांना दिसतील असे. “अन् हे पाहून घ्या. हे दारूचं नव्हं. बिमारी हाय. मले काढाचं असन तर आताच काढा, सगळ्यांसमोर.”

मग गावातल्याच एक म्हाताऱ्या बाई, रुपीबाई, बसल्या जागेवरून म्हणाल्या, “काढता कायले? याच्या हाताचं पाणी पेलो आपण इतके वर्स.” आणि एकदम सगळे बोलायला लागले. ग्रामसेवकांनी ठराव लिहून घेतला. चावी धनसिंगकडे, तांड्याला एक दिवसाआड पाणी, आणि व्हॉल फिरवायला हंसाकाकी जाईल. सरपंचांनी विरोध केला नाही. शंभर लोक बघत होते.

आता दुसरं. शनिवारी नवी नोटीस आली आहे. लेखी माफी देऊन जाहीर सभेत ती नाकारली, म्हणून. सुनावणी २६ मेला अकरा वाजता, यवतमाळच्या ऑफिसात. बा म्हणाला, “जाय. आता घाबरून काय होते.” माझ्या बाने हे म्हटलं, काकू.

२५ तारखेला तुमच्याकडे मुक्कामाला येऊ का? माझा राग गेला आहे का ते मला नक्की माहीत नाही. पण यवतमाळात मी दुसरीकडे कुठे उतरेन असं मनातही आलं नाही. काल लोणच्याची बरणी उघडली.

तुमची,
अंजू


यवतमाळ
९ मे २०२५

ये. मिरच्या उचलल्या.

कुंदाकाकू


यवतमाळ
१ जून २०२५

लाडके अंजू,

तुला एसटीत बसवून आले त्याला आज सहा दिवस झाले. ऑफिसचं पत्र तुला मिळालं असेल. लेखी समज देऊन प्रकरण बंद, नोकरी कायम, असं तू बाहेर येऊन सांगितलंस तेव्हा मी तुझ्याकडे बघतच राहिले, आणि तू म्हणालीस, “काकू, आधी काहीतरी खाऊ या.” दोन प्लेट आलूबोंडे तू एकटीने खाल्लेस. मला फार बरं वाटलं.

एक कबुली द्यायची राहिली. त्या दिवशी सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी बसून पाच मुद्दे लिहून काढले होते. साहेबांनी असं विचारलं तर तू असं म्हण, तसं विचारलं तर तसं. चांगले मुद्दे होते, अजूनही तसंच वाटतं. ऑटोत दोनदा पर्सची चेन उघडली. तू खिडकीबाहेर बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होतीस. मी चेन लावली.

तुला आत बोलावलं आणि शिपायाने मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. पाऊण तास बसले. अशा दारांच्या आत मी चौतीस वर्षं बसले, वही घेऊन. बाहेर बसायची ही पहिलीच वेळ. आतून तुझा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा साहेबांचा आवाज चढला. माझा हात आपसूक दाराकडे गेला. मग तुझा आवाज आला, चढलेला नव्हता, पण थांबलाही नाही. मी हात मांडीवर ठेवला आणि शिपायाला त्याच्या मुलींबद्दल विचारत बसले.

घरी आल्यावर कमलाकरकाकांचं कपाट उघडलं. दाद मागायचा तो हाताने लिहिलेला अर्ज त्यांनी ठेवला असेल असं वाटलं होतं. नाही सापडला. स्वानंदला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, मावशी, काकांना ऑफिसचं बोलायला आवडतच नाही असं मी समजत होतो.

हंसाबाईंना व्हॉल फिरवायला जड जातो म्हणालीस, तर त्या चावीला लांब दांडा जोडून मिळतो. इथल्या लोहाराला मी विचारलं आहे. हवा असेल तर त्यांना विचारून कळव, न विचारता पाठवत नाही.

आणि तू आत काय बोललीस ते मला अजून माहीत नाही. बसस्टँडवर विचारणार होते, पण तू खात होतीस. सांगावंसं वाटलं तर सांग. मला ऐकायचं आहे.

तुझी,
कुंदाकाकू